नामहेच्या ताईस, बोलण्याच्या वेगाविषयी

जिंजू,
चांद्र नववर्षाच्या आधीचा आठवडा

तीर्थस्वरूप ताईच्या सेवेशी धाकटा भाऊ ह्योन-सॉप याचा कमरेतून वाकून नमस्कार.

समुद्रावरचा वारा तुझ्या गुडघ्यांना फार छळत नसावा, शेतातला लसूण थंडीत तग धरून असावा आणि तुझा आवाज पूर्वीसारखाच खणखणीत असावा, अशी आशा करतो. (आवाजाविषयी आशाच करावी लागते, कारण वर्षाची कोबीची किमची मुरत घालण्याच्या दिवसापासून तो आम्ही ऐकलेला नाही. तू फोन उचलतेस, "हं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. एकट्या "हं"वरून प्रकृतीचे निदान करणे अवघड आहे.) इकडे सर्व क्षेम. सूनबाई दिल्नोझाला आठवा महिना लागला आहे. फोन वाजला की तुझाच असेल म्हणून ती पोट सावरत धावते, आणि विमा कंपनीची जाहिरात मोठ्या आदराने शेवटपर्यंत ऐकून परत येते.

घडल्या प्रकाराचा तू शांतपणे विचार करावास म्हणून मुळापासून मांडणी करतो. (जन्मभर शाळेत भाषा शिकवली, मुळाशिवाय मला मांडणी करता येत नाही, हे तू जाणतेस.) मागच्या सालच्या किमचीला तू तुझ्या अंगणात उभी राहून सूनबाईला म्हणालीस, "मोठे गड्डे बाजूला ठेव मुळ्याला हात लावू नको मीठ लावून झालंय नुसते धुवून घे मागच्या बरणीतलं घे पुढचं नको आणि अशी उभी का, जेवलीस का गं?" हे सारे एका श्वासात. दिल्नोझा समरकंदची, आपली भाषा तिला नवी. तिला त्यातले "मीठ" आणि "जेवलीस का" एवढेच कळले. दोन्हींना ती "हो" म्हणाली, आणि मीठ लावलेल्या कोबीला पुन्हा मीठ लावून मोकळी झाली. ती किमची आपण वर्षभर निमूटपणे खाल्ली. (माझा रक्तदाब पाहून डॉक्टरांनी विचारले, "गुरुजी, समुद्राचं पाणी पिता की काय?")

तेव्हा मी ठरवले, की हळू बोलण्याची विनंती या मुलीला शास्त्रशुद्ध रीतीने शिकवायची. विषय दिसतो तितका सोपा नाही. लिफ्टचे दार आपोआप मिटते, तरी आपण माणसे बटण दाबत राहतो. अशा लोकांना "सावकाश" म्हणणे ही जोखीम आहे. प्रयोगादाखल मी तिला बाजारात पाठवले. मासळीवाल्याला हळू बोलायला सांगितले, तर तो मोठ्याने बोलू लागला. (वेग तोच, फक्त पलीकडच्या रांगेलाही बांगड्याचा भाव कळला.) औषधांच्या दुकानातली बाई बोबडे बोलू लागली आणि निघताना तिने दिल्नोझाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. बसथांब्यावरचे आजोबा तर "वा गं पोरी, काय सुरेख बोलतेस आमची भाषा!" म्हणून इतके हरखले, की दुप्पट वेगाने आपल्या जावयाची निंदा करू लागले. यावरून मी निष्कर्ष काढला, की विनंतीत आदराचे प्रमाण कमी पडते आहे.

मग मी वाक्य रचले. दिल्नोझाने ते भात शिजताना, कपडे वाळत घालताना, प्रसंगी दात घासतानाही पाठ केले. यंदाच्या किमचीला, तिखटाने लाल झालेल्या रबरी हातमोज्यांसकट तिने तुझ्यापुढे वाकून ते म्हटले: "परमादरणीय आत्याबाई, आपल्या वाणीचा लाभ मज अल्पमतीस पूर्णांशाने व्हावा या हेतूने, आपणांस विशेष तसदी नसल्यास, उच्चारणाची गती किंचित मंद करण्याची कृपा व्हावी." एकही अक्षर चुकले नाही. माझे डोळे भरून आले. आणि तू काय म्हणालीस? "मी काय जिल्हाधिकारी आहे? का बँकेच्या खिडकीत बसलेय? घरचं माणूस घरच्याशी असं बोलतं होय? परकं ठरवलंस गं मला!" हातमोजे टोपलीत आपटून तू आत गेलीस, ती आजतागायत आतच आहेस.

वास्तविक वाक्य निर्दोष होते. मी अजूनही ते अधूनमधून तपासतो. उलट त्याच सकाळी तुझी शेजारीण, बोल्ग्यो गावची वहिनी, भर अंगणात तुला म्हणाली, "ए दोक-शिम, हळू की जरा! जीभ आहे का पिठाची गिरणी?" यात आदर नाही, प्रस्तावना नाही, स्वतःकडे कमीपणा घेणे नाही. तरी तू खो खो हसलीस, ताज्या किमचीत गुंडाळलेला मांसाचा तुकडा तिच्या तोंडात कोंबलास आणि पुढची काही वाक्ये (मी स्वतः ऐकली) खरोखर सावकाश बोललीस. हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. मी यावर टिपण तयार करीत आहे.

असो. वाक्य माझे, तोंड फक्त तिचे. तेव्हा राग धरायचाच तर वाक्याच्या कर्त्यावर धरावा, ही न्यायाची गोष्ट. बाहेर पडताना कान झाकत जा.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
बे ह्योन-सॉप

ता. क. दिल्नोझाच्या आईला इकडे येण्याचा परवाना मिळाला नाही. बाळंतिणीचे समुद्रशेवाळाचे सूप मी पुस्तकावरून करून पाहिले. मुलाने एक घोट घेतला आणि मला धरून स्वयंपाकघराबाहेर नेऊन बसवले. बाळंतपणाला तू येशील का? पत्र एवढ्यासाठीच आहे; वरचा मजकूर प्रस्तावना समजावी. वेगाविषयी कोणतीही अट नाही.

पुन्हा ता. क. दिल्नोझाने पत्र वाचायला मागितले. वाचून म्हणाली, "बाबा, आत्या एवढं कुठं वाचणार?" खाली तिला स्वतः लिहायचे आहे. मी मसुदा करून देऊ केला. तिने माझ्याच हातातले पेन काढून घेतले.

आत्या, हळू बोल ना गं. पण बोल. माझ्या आईसारखं इथे घरात कुणी ओरडतच नाही. बाबा बोलायला लागले की बाळ पोटात झोपून जातं, मी पण. हळू बोल आणि लवकर ये. — दिल्नोझा