चार विती, चार बोटं

९ मार्च
पोलकं वाया गेलं. बेकरीवाल्या काकूंचं. आई अंथरुणावरून म्हणाली, छाती चार विती दोन बोटं. मी माझ्या हाताने मोजून कापलं, शिवलं. काकूंना हूकच लागेनात! आत वाढीव कापडाची माया सोडली होती, तीही पुरेना. काकू म्हणाल्या, "तुझ्या आईने शिवलं की मी बारीक दिसते गं. तू तर मला बाटलीत भरलंस." दारातल्या बायका हसल्या. मी खाली बघत उभी.
आई रागावली नाही. टेप आणायला लावली. तिची वीत नऊ इंच. माझी आठ. चार वितींत चार इंच गेले — मग हूक कसे लागणार! शाळा सोडली मी, पण गणित काही मला सोडत नाही.

१० मार्च
आता आईचं माप आधी इंचात करायचं, मग माझ्या वितीत. सगळी गिऱ्हाइकं आईच्या हातात आहेत, टेपवर कुणीच नाही. माझं बोट पाऊण इंच. म्हणजे चार बोटं तीन इंच. सरावाला आईचीच कंबर घेतली. टेपवर बत्तीस. माझ्या चार विती, बरोब्बर! म्हणाली, घे, माझ्यावरच शिक.

२ एप्रिल
डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, कारण आई दवाखान्याचं नाव काढू देत नाही. पोट दाबून बघितलं. गोळ्या दिल्या. जिन्यात मात्र दादाला हळूच म्हणाल्या, बारीक व्हायला लागल्या तर थांबू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या.
दादाला लांबच्या खाणीवर वेल्डरचं काम मिळालंय. जूनमध्ये हजर व्हायचं, मग वर्षभर सुट्टी नाही. तो म्हणाला, आईजवळ तूच असतेस, लक्ष ठेव. आई बारीक झाली तर मी जाणार नाही. मी मान हलवली. आईच्या खोलीचं दार उघडंच होतं.

३ एप्रिल
आई जेवली नाही. दादाला म्हणाली, जेवले.

१८ एप्रिल
टेप सापडत नाही. सगळं घर पालथं घातलं. आई म्हणते, हात आहेत ना? माझं काय अडलं जन्मभर!

११ मे
आईची कंबर परत मोजली. चार विती भरल्याच नाहीत! कंबर चार बोटं आधीच संपली.
आई हसली. "अगं मुके, वाढीचं वय तुझं. वीत बोटभर वाढली असेल. चार विती, चार बोटं. जुळला की हिशेब!"
खरंच जुळतो. मला बाह्यासुद्धा आखूड व्हायला लागल्यात. आणि तिचं पोलकं अंगावर नीट बसलंय, कुठेच ढगळ नाही. उगीच घाबरले.

४ जून
दादाची बॅग भरली. आई पलंगावर बसून त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थट्टा चालू — तिकडे सदरा फाटला तर वेल्डिंग करशील का रे?
मग दादाने मला गॅलरीत नेलं. "खरं सांग. बारीक होतेय का ती?"
मी एरवी बोलत नाही. आज बोलले. "नाही रे. माझी वीत वाढलीय." हिशेबही समजावला. त्याने माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. म्हणाला, बरं.

६ जून
दादा गेला. आई दारापर्यंत चालत आली. तो जिना उतरेपर्यंत ताठ उभी. मग भिंतीला धरून खाली बसली.

७ जून
आईचं पोलकं धुवायला घेतलं. उलटं केलं. दोन्ही कुशींना शिवणीच्या आत शिवण, तिच्या आत आणखी एक. सगळे टाके आईच्या हातचे. मी सामान आणायला गेले की घालत असणार.
उशीचा अभ्रा काढला. आत टेप.
माझी वीत मोजली. आठ इंच. बोटं दुखेपर्यंत ताणली. आठच.
आई जागी होती. सगळं बघत होती. मी टेप घेऊन जवळ गेले तर तिने आपणहून हात वर केले, गिऱ्हाईक करतं तसे. अठ्ठावीस.
मग म्हणाली, "तो पोचू दे आधी."

८ जून
दादाला फोन केला. मी कधीच करत नाही. त्याने उचलला, हॅलोसुद्धा म्हणाला नाही. "किती?"
मी इंचात सांगितलं.