सासूबाई, सूनबाई आणि पासंग

३ मार्च
डॉक्टरांनी डोक्याची गोळी बदलली. जुनी ओलान्झपिन हळूहळू कमी, नवी ॲरिपिप्राझोल हळूहळू चालू. कारण माझं सुटलेलं पोट. जुनीला नाव ठेवलं सासूबाई: खाऊ घालते, झोपवते, तोंड उघडू देत नाही. नवी सूनबाई. दोघींची तटस्थ तुलना करणार. वजनकाटे दुरुस्त करण्यात हयात गेली. या कामात डॉक्टर माझ्या पासंगालाही पुरायचे नाहीत.
बायको म्हणाली, तुलना करा नाहीतर तिसरी आणा, पण या वेळी गोळी सोडलीत तर लेकीला घेऊन दादाकडे जाईन. सोडतोय कोण!

९ मार्च
सूनबाई भलतीच चपळ. पाय एका जागी ठरेनात. जेवण उभ्याने, दाढी येरझाऱ्या घालत. गाल कापला. लेक म्हणाली, बाबा, शू लागलीय का? बायको म्हणते, डॉक्टरांना कळवा. त्यांना कशाला उगाच त्रास?

१४ मार्च
दोघी एका घरात नांदत नाहीत, हे जगजाहीर. शिवाय तोलण्याआधी काटा शून्यावर हवा, हा धंद्याचा पहिला नियम. म्हणून दोघींना माहेरी पाठवलं. बेसिनमार्गे. याला सोडणं म्हणत नाहीत, शून्य करणं म्हणतात. बायकोला बोललो नाही. तांत्रिक बाब आहे.

२० मार्च
डोकं लख्ख. झोपेची गरजच उरली नाही. वर नवे भाडेकरू आलेत. बोलतात फार, तेही माझ्याबद्दल. बायको म्हणाली, अहो, वर गच्ची आहे. असेल. गच्चीवर माणसं राहत नाहीत?

२४ मार्च
वरचे म्हणतात, तुझ्या घरातलं एक माणूस बदललंय. पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. लेकीला दुकानात नेलं, शटर आतून लावलं, काट्यावर उभं केलं. आकडा दर वेळी वेगळा. बाबा, उतरू? बाबा, आता उतरू? स्थिर राहिली असती तर केव्हाच उतरली असती. रडल्याने काटा हलतो, हे तिला नीट समजावलं.
मेहुण्याने शटर तोडलं. भरपाई मागणार आहे.

६ एप्रिल. वॉर्ड.
पुन्हा सासूबाई. निमूट नांदतोय. वरचे भाडेकरू जागा सोडून गेले असावेत.
बायको एकटीच आली. लेक कशी आहे, विचारलं. म्हणाली, शाळेत वजन-उंची घेत होते, तर ही बाकाखाली लपून बसली.
इथला काटा शून्यावर येत नाही. सिस्टरना म्हटलं, स्क्रूड्रायव्हर द्या, मिनिटाचं काम. त्या म्हणाल्या, काका, आधी तुम्ही उभे राहा बघू. राहिलो. म्हणाल्या, हलू नका.
काटा ठरेना.