जाळी गुडगुडली की निघायचं

खारी, भाईंदर पूर्व
१२ जून २०२५

चि. संपदास अनेक आशीर्वाद.

पावसाळ्याची तयारी जोरात आहे. फ्रिज विटांवर चढवला, कागदपत्रं माळ्यावर बांधली. दुसऱ्या मजल्यावरच्या जितेंद्रभाईंनी आमच्यासाठी खोली मोकळी ठेवलीय. तुझी आई म्हणते, यंदा पाणी आलं नाही तर तुमचाच चेहरा पडेल.

खरी काळजी तिच्या गुडघ्यांची. दोन मजले चढायला तिला पंधरा मिनिटं लागतात. बाथरूमची जाळी गुडगुडली की वीस मिनिटांत पाणी घरात, हे तीस वर्षं प्लंबिंग करून मला पाठ झालंय. यंदा तिलाही शिकवतोय. बादली ओतून सांगतो, हा उतरणाऱ्या पाण्याचा आवाज. चढणारं पाणी याहून घोगरं. काल परीक्षेत नापास झाली, वर मास्तरांनाच लादी पुसायला लावली.

फोन नको करूस, रेंज नसते. पत्रच बरं.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा बाबा

नाशिक
१९ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आईच्या फोनला त्याच घरात सगळ्या काड्या रेंज असते, बाबा. ती सांगत होती, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तुम्ही पेपरातून डोकं काढत नाही. भिंतीला कान लावून आतली गळती सांगणारे तुम्ही! खरं काय ते लिहा. नाहीतर दोघं पावसाळाभर इकडे या. अनुष्का आजी-आजोबांची वाट बघतेय.

रागावू नका, रागावलात तरी लिहा.
तुमची संपदा

खारी
२६ जून

चि. संपदास आशीर्वाद.

पकडलंस. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला, उजवा निम्मा उरलाय. जाळी गुडगुडेल आणि मी शेजारी पेपर वाचत बसलेला असेन, या विचाराने घाम फुटतो. म्हणून ही शिकवणी. तुझ्या आईला सांगू नकोस. माझ्या भरवशावर ती निवांत झोपते, ते मोडायचं नाही. पाना मारून मारून उभं केलेलं घर सोडवत नाही गं.

बाबा

खारी
२१ ऑगस्ट

चि. संपदास आशीर्वाद.

परवा दुपारी पाणी आलं. आम्ही सुखरूप आहोत, कपाटाचे पाय तेवढे फुगलेत.

तुझी आई भेंडी चिरता चिरता थांबली. म्हणाली, निघा. मी जाळीपाशी वाकलो. मला काहीच ऐकू येईना. म्हटलं, काही नाही गं. तिने वाद घातला नाही. एका हातात काठी घेतली, दुसऱ्याने माझं मनगट धरलं. जितेंद्रभाईंच्या दारात पोचलो आणि खाली पाहिलं, तर पाणी आपल्या उंबऱ्याला लागलेलं. ते म्हणाले, भाभी तर वेधशाळाच निकल्या.

चहा आला तेव्हा मी कोपऱ्यात बसलो होतो, उजवीकडे भिंत. ती उठली, मला खुर्चीसकट सरकायला लावलं आणि उजव्या बाजूला येऊन बसली. हळूच म्हणाली, आता ऐका, तुमच्या कानाच्या डॉक्टरचा नंबर मी जूनमध्येच काढून ठेवलाय. दोन वर्षं ती माझ्या उजवीकडेच बसत आलीय, पोरी. हे मला परवा कळलं.

सोमवारी जातोय दोघं.

तुझा बाबा