उसाचे तुरे आणि पिवळी काच

बेंगळूर, डिसेंबर १९५७, सोमवार

जीव भांड्यात पडला एकदाचा! दिवसभर डोक्यात एकच घोळ. काल मंड्याजवळ उसाचे फोटो घेताना भिंगावर पिवळी काच लावली होती की नाही? तिच्यामुळे निळं आभाळ फोटोत गडद येतं; ती नसली तर पांढरे तुरे उजळ आभाळात विरून जातात, फोटोत नुसती पाती उरतात. आणि तो ऊस आज तोडायला घेणार होते. पुन्हा कुठला मिळायला?

संध्याकाळी अण्णा स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत होता, मी दाराबाहेर. दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर, "स्वल्प थांब गं!" मोठा भाऊ, म्हणून ऐकून घेतलं. शेवटी ओली फिल्म घेऊन बाहेर आला, दिव्यासमोर धरली. निगेटिव्हवर पांढरं ते काळं दिसतं. एकेक तुरा काजळाने रेखल्यासारखा!

"काच लावलीस ते बरं केलंस," अण्णा म्हणाला.

मीही हो म्हटलं. आत्ता पिशवी आवरताना ती काच सापडली, कागदात तशीच गुंडाळलेली. म्हणजे? मग आठवलं. तुऱ्यांवर ऊन होतं आणि मागे काळा ढग चढत होता. ऊन घालवणार मेला, म्हणून सारा वेळ मी त्यालाच शिव्या घालत होते.