दुधाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट

शुक्रवार, संध्याकाळ

आज दुधाचं पातेलं घेऊन वागळे इस्टेटला, गाड्यांच्या पार्टच्या दुकानात गेलेले. गेल्या आठवड्यात ह्यांनी तिथूनच नवा थर्मोस्टॅट आणून ट्रकला बसवला आणि कसारा घाटात इंजिन तापलं. रेडिएटरचं झाकण काढताना उकळतं पाणी ह्यांच्या हातावर आलं. मेला थर्मोस्टॅट उघडलाच नव्हता.

दुकानदार म्हणतो, "वहिनी, मिस्टरांना पाठवा. तुम्हाला यातलं काय कळणार?"

मिस्टरांचा हात भाजलाय रे, त्यांनीच शिकवून पाठवलंय! चहाच्या टपरीवरून पातेलंभर उकळतं पाणी आणलं आणि गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर ठेवलं. चांगला थर्मोस्टॅट गरम पाण्यात आपोआप उघडतो. त्याचे तीन 'ओरिजनल' एकदम टाकले. एकही उघडला नाही. गिऱ्हाइकं हसायला लागली. मग त्याने गपचूप आतल्या कपाटातून चौथा काढला. तो लगेच उघडला. म्हणजे चांगला माल होता की! मग आम्हालाच का नाही?

तोच बदलून घेतला, शिक्क्याचं बिल लिहून घेतलं. पातेलं उचललं तेव्हा त्याचा हात काउंटरवरच होता. ओतलं नाही. दया आली का मला? छे. बिल होईपर्यंत पाणी निवलेलं.