तव्यावरची पहिली भाकरी

अक्का, आज सुट्टी आहे. खोलीवरचे सगळे बाजारात गेलेत आणि मी भाकरीचं पीठ मळायच्या आधी हे लिहायला बसलोय. इथं सुरतेत ज्वारीचं पीठ हुडकावं लागतं, पण मिळतं.

तू नांदेडला विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला गेलीस, तेव्हा मी दहावी नापास होऊन घरी होतो. एका जागी टिकत नव्हतो. मास्तरांचं कधी ऐकलं नाही, तुझं मात्र ऐकायचो. त्या शनिवारी तू घरी भोकरला आलीस आणि मला चुलीपुढं बसवलंस. "तू मशीन. मी सांगीन तेवढंच करायचं, डोकं लावायचं न्हाई." मी म्हणालो, "ते तर मला जमतंयच." तू हसतेस. "पिठात पाणी घाल." मी हलत नाही. "किती?" "अंदाजानं घाल की रे!" "मशीनला कुठं अंदाज असतो, अक्का?" तू कपाळावर हात मारतेस, पण डोळे चमकतात. "हाव की! सर हेच सांगून राहिले होते." ओसरीवरून आबा ओरडतात, "पोराला भाकऱ्या शिकवून सासरी धाडतीस का काय?"

भाकरी तव्यावर पडली. तू म्हणालीस, "आता भाजत राहा." मी भाजत राहिलो. धूर झाला, आई धावत आली, मी उलथनं धरून तसाच. "आरं, काढ की!" "अक्कानं सांगितलं न्हाई." तू हसून हसून खाली बसलीस. मग डोळे पुसत म्हणालीस, "चूक माझी. थांबायचं कधी, ते मशीनला आधीच सांगावं लागतं. पुढच्या शनिवारी नीट सांगते. अन् तू दहावीला पुन्हा बस. तुला लई डोकं हाय."

असं मला त्याआधी कुणी म्हणालं नव्हतं, नंतरही नाही. पुढच्या शनिवारी तू आली नाहीस. नांदेडला तुझा ताप उतरलाच नाही.

दहावीला मी बसलो नाही. सुरत, वापी, पुन्हा सुरत, करतच राहिलोय. आई फोनवर म्हणते, "बास कर आता, ये घरी." पण त्या चुलीपुढं कसं बसू?

खोलीवरचे चिडवतात, "काय शेठ, पहिली रोज करपतीच का?" मी म्हणतो, तव्याचा अंदाज येत नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून सांगतो. अंदाज कधीच आलाय, अक्का. पहिली भाकरी भाजून होते, उलथनं हातात असतं, आणि मी उगाच थोडा थांबतो.