डाव्या पायाचे माप

६ सप्टेंबर

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

पत्रात आधी ख्यालीखुशाली आणि मग काम, हा तुझा नियम आज मोडते. मला पँट हवी आहे. कामाच्या दोन्ही जुन्या पँटी मांडीला अडकून बसतात आणि कंबरेला मात्र मूठभर सैल होतात. ही सायकलची कृपा. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हापासून रोज सकाळी तळ्याला फेरी मारते आणि शेवटी पाण्याच्या टाकीचा चढ चढते.

आईच्या जिवाला घोर लागला आहे. तिच्या मते माझे पाय मुसळासारखे होत चालले आहेत. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, सायकलने पाय बारीक होतात. खालच्या मजल्यावरचे पोस्टमन म्हणाले, छे, जाड होतात, आणि पुरावा म्हणून जिन्यातच पँट वर करून स्वतःच्या पोटऱ्या दाखवल्या. शिक्षिकाबाई तेव्हापासून त्यांच्याकडे बघत नाहीत. तू कॉलेजात शरीरशास्त्र शिकलीस आणि जन्मभर पँटी कापल्यास. तूच निकाल दे.

नाट्यगृहाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. दिव्यांच्या कामावर माझ्या जागी सध्या बदली माणूस आहे. मॅनेजरांनी स्पष्ट सांगितले आहे की दिवा खांद्याला लावून छताखालच्या, दिवे टांगायच्या पुलापर्यंत शिडी चढून दाखवलीस तर जागा तुझी, नाहीतर तिकीट-खिडकी. शिडी तीच, जिच्यावरून पडून डावा पाय मोडला. खिडकीत बसून लोकांना सुटे पैसे मागायचे माझ्याने होणार नाही. मला खार हे नाव तूच ठेवलेस, ते काही बसून राहण्यासाठी नव्हे.

माप सोबत आहे. तुझ्या कारखान्याच्या रीतीप्रमाणे उजव्या पायाचेच घेतले आहे.

लोभ असावा, पण पँट त्याच्या आधी यावी.

तुझी,
खार


१५ सप्टेंबर

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद.

माप मिळाले. ते स्वतःचे स्वतः घेतलेले दिसते. वाकून घेतलेले माप नेहमी चुकते. पुढच्या वेळी आईला टेप धरायला सांग.

निकाल असा. शिक्षिकाबाई आणि पोस्टमन, दोघांचे अर्धे बरोबर आहे. पायावर चरबी असेल तर सायकलने ती आधी उतरते आणि पाय बारीक दिसतो. मग मांडीचा पुढचा स्नायू भरतो, त्याच्यामागून नितंबाचा आणि पोटरीचा. सपाट रस्त्यावर हलके पायडल मारणाऱ्याचा पाय घट्ट होतो, फारसा जाड होत नाही. जड गिअर लावून चढ चढणाऱ्याचा थोडा भरतो. मापात फरक कमी पडतो, आकारात जास्त. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला थेंबासारखा उंचवटा येतो. तो आला की पँट तिथे ओढते. तुझ्या आईला सांग, मुसळ होण्यासाठी तिच्या मुलीला दुप्पट खावे लागेल आणि वजने उचलावी लागतील. आळसाने झालेल्या जाड पायांची काळजी तिने कधी केली नाही, कष्टाने भरलेल्या पायांची करू नये.

पोस्टमनांच्या पोटऱ्या पुराव्यात धरता येत नाहीत. ते जिनेही चढतात.

कापड जाड घेतले आहे. नेहमीप्रमाणे दुहेरी घडी घालून एका पायाच्या मापावर दोन्ही पाय कापले. माणसाचे दोन पाय सारखे, असे धरूनच आम्ही शिंपी पोट भरतो. पँट कच्च्या टाक्यावर पाठवते आहे. नियम तुला पाठ आहे, तरी सांगते. पंधरवडाभर वापरायची, तिच्यात सायकल चालवायची आणि न धुता परत पाठवायची. कुठे चुणी पडली, कुठे कापड घासले, ते पाहून मी पक्की शिवण घालीन. धुतलेली पँट काही सांगत नाही.

पाय सांभाळ. लोभ आहेच, त्याची आठवण करून द्यायला नको.

तुझी,
मावशी


४ ऑक्टोबर

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

पँट मिळाली आणि अशी बसली की काढावीशी वाटत नाही. म्हणूनच परत पाठवत नाही. कच्च्या टाक्यावर माझे उत्तम चालले आहे, तू उगाच डोळे शिणवू नकोस.

टाकीचा चढ आता मी न उतरता चढते. काल एका सुटाबुटातल्या गृहस्थांना मागे टाकले. ते म्हणाले, की त्यांची चेन सैल आहे. मी म्हटले, असेल बाई. तू म्हणालीस तो थेंब गुडघ्यावर आला आहे. आईला दाखवला तर ती म्हणाली, सूज आहे, शेक घे.

फिजिओबाईंकडे दर आठवड्याला जायचे ठरले होते, ते सध्या थांबवले आहे. त्या नुसत्या खुर्चीवरून उठबस करायला लावतात. रोज चढ चढणाऱ्या माणसाने उठबस काय करायची? शिवाय त्यांचा कागद नाट्यगृहाच्या ऑफिसात जातो, आणि कागद बघणाऱ्यांना सायकल दिसत नाही.

लोभ आहे तसा राहू दे, म्हणजे पुष्कळ झाला.

तुझी,
खार


२० ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझी दोन कार्डे आली म्हणून पँट पाठवते आहे. द्यायला तयारच नव्हती. शेवटी मी म्हटले, मावशी स्वतः येऊन अंगावरून उतरवून नेईल, तेव्हा दिली. त्याआधी दार लावून खोलीत बराच वेळ काहीतरी करत होती. मागच्या महिन्यात माझा सुईदोराही मागून नेला होता. शर्टाचे बटण तुटले तर शर्ट टाकून देणारी ही मुलगी! मला वाटले, चला, वळण लागले.

तू लिहिलेस म्हणून पायांच्या जाडीचे मी मनातून काढून टाकले आहे. निदान प्रयत्न करते. पण एक विचारते, हसू नकोस. जिना चढताना ती प्रत्येक पायरीला उजवाच पाय आधी टाकते, मग डावा त्याच पायरीवर आणते. लहान मुले चढतात तसे. मी म्हटले, असे का गं? तर म्हणाली, सवय लागली आहे, आणि वर मलाच म्हणाली की तू माझ्या मागे मागे जिना का चढतेस. सायकलवर मात्र वाऱ्यासारखी जाते, मी गच्चीतून पाहते. मग जिन्यालाच काय होते? शिडीचे मला फार भय वाटते, ताई. तिला सांगू नकोस.

तुझ्या पाठीचे कसे आहे ते कधी लिहीत नाहीस. लिहावे.

तुझी,
धाकटी


२ नोव्हेंबर

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद.

पँट पाहिली. डाव्या मांडीच्या आतल्या शिवणीजवळ वरपासून गुडघ्यापर्यंत भोकांची ओळ आहे. ही माझ्या टाक्याची भोके नाहीत. माझा टाका इतका वाकडा जात नाही. तू डावा पाय आवळून शिवला होतास आणि पाठवण्याआधी उसवलास. जाड कापडातला दोरा काढता येतो, भोके काढता येत नाहीत. ती ओळ शिवणीपासून जितकी आत आहे, त्याच्या दुप्पट तुझा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक आहे. तो फरक थोडाथोडका नाही.

बसायच्या जागी कापड फक्त उजव्या बाजूला चकाकते आहे. गुडघ्याच्या वर उजव्या बाजूला कापड ताणून सैल झाले आहे, डाव्या बाजूला अजून नव्यासारखे आहे. याचा अर्थ सरळ आहे. सायकलची दोन्ही पायडले एकाच दांड्याला जोडलेली असतात. एक पाय जोर लावतो, दुसरा नुसता फिरत राहतो, आणि सायकल चालते. चढसुद्धा चढते. महिने गेले, तू रोज व्यायाम केलास, आणि तो सगळा ज्याला गरज नव्हती त्या पायाला मिळाला. प्लास्टरमध्ये वाळलेला पाय तुझ्या चांगल्या पायाच्या खांद्यावर बसून तळे फिरून आला.

यात तुझा आळस नाही, हे मी जाणते. दुखरा पाय आपण होऊन अंग चोरतो, बसणाऱ्याला ते कळतही नाही. पण दोरा हातात घेतलास तेव्हा तुला कळले होते.

शिडीला जोडलेली पायडले नसतात. दर पायरीला सगळा भार, दिव्यासकट, एकट्या पायावर येतो. एक पायरी उजव्याची, एक डाव्याची. तिथे उधारी चालत नाही.

आजच फिजिओबाईंकडे जा आणि दोन्ही पायांचे माप त्यांच्यासमोर घे. मलाही पाठव. मी तुझ्या आईला काही लिहिलेले नाही. ते तू सांगायचे आहेस.

लोभ आहे म्हणूनच इतके लिहिले.

तुझी,
मावशी


९ नोव्हेंबर

ती. मावशीस,

नमस्कार.

तुला पँट शिवायला सांगितली होती, चौकशी करायला नाही. फिजिओबाईंना कळले की ऑफिसला कळणार, आणि ऑफिसला कळले की जागा गेली. बदली माणूस रोज माझे हातमोजे घालून काम करतो. मॅनेजरांचा एक मेहुणा आहे आणि तो रिकामा आहे, हेही तुला सांगून ठेवते. जानेवारीत एकदा, फक्त एकदा, वर चढून दाखवायचे आहे. उजवा पाय दोघांचे काम करील. आजवर केलेच आहे.

खार


२८ नोव्हेंबर

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

मागचे पत्र फाडून टाक. तू फाडणार नाहीस, ठाऊक आहे.

काल दुपारी नाट्यगृहाच्या गोदामात कोणी नव्हते. तिथे रंगकामाची छोटी शिडी असते. दिवा न घेता चढून पाहिले. उजवा, डावा, उजवा, आणि पुढच्या डाव्याला पाय असा लटपटला की मी दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून उभी राहिले. खाली बघवेना. उजवा पाय शेजारीच होता, केवढा तरी भरलेला, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. उतरले ती बसूनच, एकेक पायरी.

तशीच फिजिओबाईंकडे गेले. त्यांनी रागावायला हवे होते. त्यांनी नुसता टेप काढला. मांडीला फरक तू म्हणालीस त्याहून थोडा जास्तच निघाला. आता त्यांच्या खोलीतल्या जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर उजवा पाय स्टुलावर ठेवून एकट्या डाव्याने पायडल मारायचे, अगदी हलके. शिवाय खुर्चीवरून एका पायावर उठायचे. पोरासोरांना जमेल ते मला जमत नाही. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आले, ते रागाने.

मॅनेजरांना मीच जाऊन सांगितले. ते म्हणाले, हा हंगाम खिडकीत काढ, वसंतात पुन्हा पाहू. शब्द देत नाही, असेही म्हणाले. मेहुण्याचे नाव निघाले नाही. आईलाही सांगितले. ती म्हणाली, मला जिन्यावरून कळले होते. या घरात माझ्यावर पाळत ठेवायला कोण नाही ते सांग.

दोन्ही मापे सोबत आहेत. टेप आईने धरला.

लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी,
खार


१० डिसेंबर

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद.

माघारी येण्यालाही जोर लागतो. चांगले केलेस.

सोबत पँट आहे. तिच्यासाठी मी कापड उघडे पसरून दोन्ही पाय वेगवेगळे कापले. कारखान्यातल्या मुली कात्र्या खाली ठेवून पाहत होत्या. एकीने विचारले, बाईंचे डोके ठिकाणावर आहे ना. तिला काजे करायला बसवले आहे. यापुढे टेप दोन्ही पायांना लावायचा, असे सगळ्यांना सांगितले. जुन्या रीतीने कापड वाचते, पण माणूस चुकतो.

उजवा पाय पक्का शिवला आहे. डाव्या पायाच्या शिवणीत माया जास्त ठेवली आहे, म्हणजे पाय भरला तर आत दुमडलेले कापड सोडता येईल. ती शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याने घातली आहे. तिला तू हात लावायचा नाहीस. सुई घराबाहेर ठेव. तो दोरा आतून तुटेल तेव्हा पँट माझ्याकडे पाठव, मी पक्की करीन. किती दिवस लागतील ते मला विचारू नकोस, मी शिंपीण आहे.

खिडकीत बसशील तेव्हा डावा पाय टेबलाखाली सरळ करून धरत जा. गिऱ्हाइकाला दिसत नाही.

आईच्या जिन्याच्या पहाऱ्याला हसू नकोस. लोभ आहे, तो खालीवर झालेला नाही.

तुझी,
मावशी


२२ मार्च

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

सोबत पँट आहे, न धुता.

आज सकाळी फिजिओबाईंच्या परवानगीने शिडी चढले. दिवा खांद्याला होता. खाली मॅनेजर, बदली माणूस, आणि आई. आईला कोणी बोलावले ते मला माहीत नाही, तुला असेल. अर्ध्याच्या वर, डाव्याच्या पायरीला, सगळा भार घेऊन उठत असताना मांडीला टर्रकन आवाज झाला. खाली आई ओरडली. तिला वाटले, हाड. मी तशीच वर गेले, दिवा अडकवला, लावला, आणि उतरले. चढले ती एक पाय वर, मग दुसरा पाय त्याच्या वर, मोठ्या माणसांसारखी.

डावा अजून उजव्याइतका नाही. फिजिओबाई म्हणतात, कदाचित पूर्ण होणारही नाही. माप आईने सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले आहे.

मॅनेजरांनी बदली माणसाच्या हातांतले हातमोजे मागून घेतले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवले.

आता पक्की शिवण घाल. पण थोडी माया आत राहू दे. लोभ कसा असावा ते तुला सांगायला मी कोण?

तुझी,
खार